झोपाळा चावतो

“चावतो! हजारदा सांगितलं, चावतो!”

“चाळीस वर्षं नाही चावला, तो आता चावायला लागला? दुधाचे दात फुटले वाटतं त्याला!”

“मला काय विचारता? त्यालाच विचारा!”

बाबाजीपुऱ्यातल्या एका बोळात, एका घराच्या उंबऱ्याबाहेर मी उभा होतो. एका खांद्यावर शिडी, दुसऱ्या खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात तक्रारीचा अर्ज. आणि आतून हा तोफखाना सुरू. मी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर कुत्रा कुठे आहे ते पाहिले. वीजखात्यात उभी हयात काढली, पण विजेला मी कधी भ्यालो नाही. भ्यालो तो कुत्र्यांना. माझ्या पोटऱ्यांवर बडोद्यातल्या निम्म्या कुत्र्यांच्या सह्या आहेत, आणि उरलेल्या निरक्षर कुत्र्यांचे अंगठे.

“काकी, आधी त्याला बांधा, मग मी आत येतो,” मी बाहेरूनच ओरडलो.

“बांधलेलाच आहे,” आतून बाईंचा आवाज आला. “दोन आकड्यांना, चार कड्यांनी. या आत.”

चावत होता तो झोपाळा.

घर होते रिसालदारकाकांचे. खरे म्हणजे ते सरकारी पागेतून जमादार म्हणून पेन्शनीत निघालेले. पण मिशा रिसालदाराच्या होत्या, आणि आमच्या गावात माणसाचा हुद्दा पेन्शनीच्या कागदावरून नव्हे, मिशांवरून ठरतो. काका बोळात वळायचे तेव्हा आधी मिशा वळत, मग थोड्या वेळाने काका वळत. पावसाळ्यात त्या मिशांखाली दोन चिमण्या आडोशाला बसलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. कोणाला खोटे वाटत असेल तर त्याने चिमण्यांना विचारावे.

काकी अंगाने एवढ्याशा. काकांच्या एका मिशीत मावतील अशा. पण त्या घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे विचारायची गरज कधी कोणाला पडली नाही.

पुढे जाण्याआधी आमचा धंदा दोन शब्दांत सांगून टाकतो. हल्ली दिवा सगळ्यांना लावता येतो. तो का लागतो हे मात्र माझ्यासारख्या म्हाताऱ्याने दिवाळी अंकात लिहिल्याशिवाय कोणाला कळत नाही.

दिव्याला दोन तारा लागतात. एक वीज घेऊन येते, दुसरी परत नेते. परत नेणारी गरीब गाय, आणणारी वाघीण. वाघिणीला एकच नाद, जमिनीला जाऊन मिळायचे. मध्ये वाट मिळाली की ती चालली. ती वाट तारेची असो नाहीतर तुमच्या अंगाची असो, तिला सोयरसुतक नाही. म्हणून तिला रबराचा अंगरखा, वर सुताची वीण, आणि त्याच्याही वर लाकडाची पट्टी. ह्या पट्टीत शेजारी शेजारी दोन खाचा असतात, दोन तारांसाठी दोन. दोन खाचांच्या मध्ये लाकडाचा एक बारीक वरंबा ठेवलेला असतो. वर झाकणपट्टी बसवायची आणि तिचे छोटे स्क्रू बरोबर त्या वरंब्यात मारायचे. इकडे वाघीण, तिकडे गाय, मध्ये बांध. ह्या बांधावर माझी पोळी पिकली.

पण लोकांच्या डोळ्यांना काय दिसे? भिंतीवरून, तुळईवरून गेलेली छान रंगवलेली लाकडी पट्टी. आमच्या चुन्याच्या भिंतीत खिळा ठोकला तर खिळ्यासह हातभर गिलावा खाली येतो. आमच्या पट्टीत मात्र खिळा लोण्यात सुरी शिरावी तसा शिरे आणि लग्नाच्या गाठीसारखा पक्का बसे. सरकारने वीज दिली ती दिली, वर खुंट्या ठोकायला फुकट लाकूडही दिले, अशी निम्म्या गावाची प्रामाणिक समजूत होती. एका वकिलांनी आमच्या पट्टीवर पागोट्यासाठी खुंटी ठोकली. त्यानंतर त्यांचे पागोटे कोणाला चोरता येईना, आणि त्यांना स्वतःलाही डोक्यावर घालता येईना. एका घरी गौरींच्या आराशीसाठी ओळीने अकरा खिळे मारले. अकराव्याला घरभर अंधार झाला. गौर रुसली म्हणून घरातली माणसे तिच्यापुढे नाक घासत बसली आणि मी मागच्या दाराने येऊन खिळे काढून गेलो. दिवे लागले तेव्हा गौरीला पुरणाचा दुसरा नैवेद्य मिळाला. मला पहिलाही मिळाला नाही.

महाराजांनी शिक्षण सक्तीचे केले त्याचा पहिला तडाखा आमच्या खात्याला बसला. ज्याला त्याला अर्ज लिहिता येऊ लागला. ढिगाने अर्ज. आणि त्यावर आमचा नियम कडक: घरमालकाने स्वतः वायरिंगला हात लावून मोडतोड केली असेल तर दिवा तोडायचा, तसा रिपोर्ट करायचा, मग तपासणी, मग मंजुरी. ते कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत एक चातुर्मास सहज उलटे. नियम वाईट नव्हता. तो नसता तर लोक मेले असते. मी तो पाळत असे, आणि माझ्या पक्कडीने कित्येक घरांत अंधार केला आहे. त्यांतल्या काही घरांची मला अजून आठवण येते. पण ते असो.

काकांचा अर्ज माझ्या हातात होता. पागेतल्या घोड्यांच्या हजेरीत घोटलेले वळणदार अक्षर: “मेहेरबान साहेबांस विनंती की, आमचे घरचा दिवा हिंचक्याबरोबर डोळे मिचकावतो. सबब बंदोबस्त व्हावा.” झोपाळ्याला आमचे बडोदेकर गुजराती शेजाऱ्यांच्या संगतीने हिंचका म्हणतात, आणि त्याच्यावाचून जगणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसते. बायको नसलेली घरे मी पाहिली आहेत, झोपाळा नसलेले घर पाहिले नाही. अर्जात चावण्याचा मात्र उल्लेख नव्हता.

चपला बाहेर काढून मी आत गेलो. मधली खोली, एकच खिडकी, म्हणून भर दुपारीही दिवा लागलेला. दिव्याखाली पितळी कड्यांचा झोपाळा, आणि त्यावर मांडी घालून, एकटे, न हलणारे काका. खाली फरशीवर त्यांच्या खडावा. काकी चार हात दूर, खांबाला टेकून.

“दिवा तर शहाण्यासारखा जळतोय,” मी म्हणालो.

“झोका दिल्याशिवाय नाही मिचकावत तो.”

“मग द्या झोका.”

ह्यावर काकांनी काकींकडे पाहिले, काकींनी फरशीकडे. मी काहीतरी भलते बोललो असे वाटले.

ह्या घरची रीत मला नंतर कळली. चाळीस वर्षे संध्याकाळी दोघे ह्या झोपाळ्यावर शेजारी बसत. काकांनी मांडी घालायची, आणि काकींनी डाव्या हाताने कडी धरून पायाच्या अंगठ्याने जमिनीला ठेस द्यायची. घोडदळात अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाला घरात मात्र कोणीतरी चालवावे लागे. झोका घेता घेता काकी देवाच्या वाती वळत आणि काका घोड्यांच्या गोष्टी सांगत. त्याच गोष्टी, तेच घोडे. आज आठ दिवस झोपाळा उभा होता. काका रोज संध्याकाळी जाऊन एका बाजूला सरकून बसत, शेजारची जागा मोकळी ठेवत. काकी येत नसत.

“हिला भास होतोय,” काका म्हणाले. “रोज बसतो मी त्याच्यावर. मला चावला का?”

“तुम्हाला कशाला चावेल? त्याला माणूस कळतं,” काकी म्हणाल्या.

आणि आता कबूल करतो, मी हसलो. मलाही वाटले, म्हातारीला वात झाला असेल. धंद्यातली सगळ्यांत मोठी चूक मी तिथे केली, आणि ती पहिल्यांदाच केली होती असेही नाही. पुरुषमाणूस बाहेरून कोरड्या पायांनी येतो, कोरड्या हाताने भिंत चाचपतो आणि म्हणतो, कुठे काय आहे? बाईमाणूस दिवसभर अनवाणी, ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी वावरते. वाघीण तिलाच आधी भेटते. ‘बाई, भास आहे,’ असे सांगून मी किती घरांतून परत आलो असेन, देवाला ठाऊक.

काकींनी माझ्या हसण्याकडे पाहिले, मग माझ्या अनवाणी पायांकडे पाहिले, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “बसा ना तुम्हीच. द्या झोका.”

मी बसलो. काकांच्या शेजारी, काकींच्या जागेवर. डाव्या हाताने कडी धरली आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीला अंगठ्याने ठेस दिली.

वाचकहो, आजवर मी विजेचे जेवढे झटके खाल्ले तेवढे घास खाल्ले नसतील. पण हा झटका वेगळ्या घराण्यातला होता. टोपी उडाली ती छताला चिकटून विचार करत राहिली. मी स्वतः विश्वामित्री नदी ओलांडून पलीकडे अकोट्याच्या शेतात जाऊन पडायचा, पण मध्ये भिंत आली म्हणून बाबाजीपुऱ्यातच राहिलो. दाराशी तमाशा बघायला आलेल्या शेजारच्या मणिबेन गुजरातीत म्हणाल्या, “अरे रे, वायरमनने करड्यो!”

“चावला?” काकींनी विचारले.

“चावला,” मी भिंतीपाशी बसून म्हणालो.

काकींनी नवऱ्याकडे एकदा पाहिले, बस्. मी कोर्टकचेऱ्यांतले निकाल ऐकले आहेत. इतका पूर्ण निकाल ऐकला नाही.

“काकी, एक पाट द्या,” मी म्हणालो.

“जेवायला बसताय?”

हे मला प्रत्येक घरी ऐकावे लागे. आपल्यात जोडे दाराबाहेर, म्हणजे वायरमन घरात शिरतो तो अनवाणी. मग त्याने आणि जमिनीने मध्ये काही ठेवायला नको? म्हणून मी कोणत्याही घरात गेलो की आधी जेवायचा पाट मागे आणि त्यावर उभा राहून काम करी. कोरडे लाकूड वाघिणीला वाट देत नाही. काकांच्या खडावा म्हणजे तरी काय? दोन पायांचे दोन पाट. सकाळच्या अंघोळीपासून रात्रीपर्यंत काका खडावांवर. झोपाळ्याशी आले की त्या काढून सरळ फळीवर मांडी. जमिनीला पाय कधी लागलाच नाही, मग त्यांना काय चावणार?

मुख्य स्विच बंद करून मी शिडीवर चढलो, आणि वर जे पाहिले त्याने माझी उरलीसुरली टोपी उडाली. आमची पट्टी तुळईच्या पोटावरून, अगदी मध्यातून गेली होती. आणि झोपाळ्याचे दोन्ही आकडे, अंगठ्याएवढे जाड, त्याच पट्टीतून आरपार तुळईत घुसवलेले. दोन हात पलीकडे, तुळईवर जिथे पट्टी पोचतच नव्हती, तिथे जुन्या आकड्यांची भोके लाखेने बुजवलेली.

“हे आकडे कोणी हलवले?”

“सुतारानं!” काका इतक्या मोठ्याने म्हणाले की मी शिडी धरली.

“हो, सुतारानं,” काकी म्हणाल्या. “जुने झिजले होते म्हणे. मी करजणला बहिणीकडे गेले होते त्या दिवशी. चहा टाकते.” आणि त्या आत गेल्या.

त्या आत गेल्याबरोबर काका शिडीच्या पायथ्याशी आले आणि कुजबुजू लागले. घोडदळातल्या माणसाची कुजबुज म्हणजे मांडवीपर्यंत टाळ्या पडाव्यात अशी.

“सुतार नव्हता रे. मीच केलं.”

“ते दिसतंय, काका. सुतार असा मरायला जात नाही.”

“अरे, मी काय अडाणी आहे? तुमच्याच माणसानं पट्टीच्या मधोमध ओळीनं स्क्रू मारलेत. म्हटलं, ही जागा सरकारमान्य दिसते. तुळईचा मध्य शोधायचीही कटकट नाही. त्याने लहान मारला, मी मोठा मारला. एवढंच.”

पाहिलेत? ही चूक अडाण्याच्या हातून होत नाही, नीट बघणाऱ्याच्या हातून होते. आमच्या स्क्रूंच्या रांगेवरून त्यांनी बरोबर ताडले की मध्ये भक्कम लाकूड आहे. फक्त तो वरंबा बोटाएवढाही नाही, आणि काकांचे गिरमिट अंगठ्याएवढ्या भोकाचे, हे त्यांना बाहेरून कळायला मार्ग नव्हता. बांध फुटला आणि आकडा वाघिणीच्या बरगडीला जाऊन टेकला. झोका दिला की आकडा हले, तारेला घासे, दिवा डोळे मिचकावी.

“पण काका, साठी उलटल्यावर टेबलावर चढून तुळईला भोकं पाडायची हौस कशाला?”

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. मिशांची दोन्ही टोके खाली आली होती.

“हिला दिसत नाही रे,” ते म्हणाले. “सांगत नाही ती. मोतीबिंदू असावा. तांदूळ निवडते आणि खडे तसेच राहतात. महिनाभरात शेरभर खडे खाल्ले असतील मी. कच्च आवाज होऊ नये म्हणून न चावता गिळतो. सांगितलं तर तिला वाईट वाटेल. वाती वळते त्या एक लांब, एक आखूड. म्हटलं, झोपाळा दोन हात सरकवला तर दिवा बरोबर तिच्या मांडीवर येईल. गुडघा दुखावल्यापासून तिनं मला स्टुलावरसुद्धा चढायची बंदी केलीय. म्हणून सुताराचं नाव सांगितलं. आणि ज्या दिवशी सरकवला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती शेजारी बसेना. आठ दिवस! मी म्हटलं, असं झालं तरी काय? कशाला रुसली? आता तू दिवा तोडणार, म्हणजे तोही गेला.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“काका,” मी शिडीवरून म्हणालो, “घोड्याला नाल ठोकताना खिळा खुराच्या जिवंत भागात गेला तर काय होतं?”

“लंगडतो.”

“तसा तुमचा आकडा तारेच्या जिवाला लागलाय. पुसलेल्या फरशीवर, काकी घामेजल्या हातानं कडी धरून अंमळ जास्त वेळ बसल्या असत्या तर ओरडायलाही राहिल्या नसत्या.”

काका खाली बसले. झोपाळ्यावर नाही, जमिनीवर. बराच वेळ त्यांनी मिशीला हात लावला नाही.

“घोडं लंगडलं असतं तर मी ऐकलं असतं,” ते म्हणाले. “रातोरात नाल काढला असता. घोडं कशाला खोटं बोलेल, असं म्हटलं असतं. आणि ही आठ दिवस सांगतेय.”

नियमाप्रमाणे मी त्या वेळी पक्कड काढून दिव्याची तार तोडायला हवी होती. पक्कड काढली. मग आकडे उतरवले, झाकणपट्टी उघडली, जखमी तारेचा तुकडा काढून नवी तार घातली. आणि सबंध पट्टी तुळईच्या पोटावरून उचलून तिच्या कुशीला, चांगली वीतभर दूर नेऊन बसवली. आकडे पुन्हा काकांच्याच भोकांत घट्ट केले. घरमालकाने सरकारी वायरिंगसाठी आपली चीज हलवावी, असा कायदा आहे. घरमालकाच्या झोपाळ्यासाठी सरकारने आपले वायरिंग हलवल्याचे माझ्या माहितीतले ते एकच उदाहरण.

स्विच चालू केला. दिवा लागला. चाचणीच्या दिव्याची एक तार कडीला आणि दुसरी मोरीतल्या नळाला लावून पाहिली, काही नाही. झोपाळा निवला होता.

“काकी, या बसा,” मी म्हणालो. “आता नाही चावणार.”

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत. आठ दिवसांपूर्वी ज्याने चावा घेतला त्याच्यावर केवळ माझ्या शब्दावर कोण बसणार? आणि मी तर तासाभरापूर्वी हसलेला माणूस.

तेव्हा काका उठले. कोपऱ्यातल्या तांब्यातले पाणी त्यांनी झोपाळ्याखाली फरशीवर ओतले, सगळे. खडावा बाजूला सारल्या. झोपाळ्यावर बसले, पण आपल्या जागेवर नाही, काकींच्या जागेवर. मांडी घातली नाही. डाव्या हाताने कडी घट्ट धरली.

“अहो, नका!” काकी ओरडल्या.

“चावू दे. मलाही कळू दे काय ते,” काका म्हणाले, डोळे मिटले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या झोपाळ्यावरून पाय खाली सोडला.

तार मी स्वतः तपासली होती. तरीही सांगतो, त्या घटकेला माझा हात मुख्य स्विचकडे गेला. पाय पाण्यात टेकला. काका तसेच बसले, डोळे मिटून, मिशा ताठ, तोफेच्या तोंडी दिल्यासारखे. मग अंगठ्याने ठेस द्यायचा प्रयत्न केला. झोपाळा सरळ जायचे सोडून तिरका गेला आणि खांबावर आपटला.

“जमत नाही तर कशाला करावं माणसानं?” काकी म्हणाल्या. चहा माझ्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, “सरका तिकडं.”

काका सरकले. काकी बसल्या. कडीला आधी एक बोट लावले, मग दोन, मग मूठ. अंगठ्याने ठेस दिली. झोपाळा निघाला. दिवा जागच्या जागी स्थिर, आणि उजेड बरोबर काकींच्या मांडीवर. त्यांनी फडताळावरचा कापूस मागितला, वाती वळायला घेतल्या, आणि एक वात दिव्यासमोर धरून इकडून तिकडून पाहिली.

“आज बरं दिसतंय,” त्या म्हणाल्या.

काकांनी तोंड भिंतीकडे केले आणि मिशा पुसल्या. चहा तर माझ्या हातात होता.

मी आयुष्यात एकच खोटा रिपोर्ट लिहिला. म्हणजे छापून सांगण्यासारखा एकच. ‘बिघाडाचे कारण’ ह्या रकान्यात लिहिले: उंदराने तार कुरतडली. साहेबांनी तो वाचून मला बोलावले.

“तुळईच्या पोटाला लटकून उंदीर तार कुरतडतो?”

“बडोद्याचा उंदीर आहे, साहेब. तालमीत जातो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले. त्यांच्याही घरी झोपाळा होता. सही झाली.

काकांना शब्द देऊन त्यांच्या घरीही तोच उंदीर सांगून ठेवला: आकडे सुताराचे, जखम उंदराची. काकींनी ती गोष्ट फारच मनावर घेतली. बाजारातून पिंजरा आणवला, त्यात भाकरीचा तुकडा लावला आणि माळ्यावर ठेवायला लावला. पुढे वर्षभर मी केव्हाही त्या बोळातून गेलो की आतून आवाज येई, “अहो, सापडला का तो उंदीर?” आणि काकांचा आवाज, “नाही गं. हुशार आहे फार.” “हुशार कसला? एक दिवस पडेल वरून.” नंतर कळले की पिंजऱ्यातला भाकरीचा तुकडा रोज सकाळी नाहीसा होई. वर चढायची बंदी असलेला एक उंदीर तो काढून चिमण्यांना घाली, गोष्ट खरी वाटावी म्हणून.

काका गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. मीही नोकरीतून सुटलो, अकोट्याला छोटे घर बांधले आणि त्यात झोपाळा टांगला, चार वेळा मोजून, पट्टीपासून सात हात दूर. मागच्या नवरात्रात बाबाजीपुऱ्यात गेलो होतो, तेव्हा काकींना भेटायला शिरलो. मधल्या खोलीत, त्याच दिव्याखाली, झोपाळ्याच्या आपल्या बाजूला बसून त्या वाती वळत होत्या. दुसरी बाजू मोकळी. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. पण तरी दिवा लागतो, आणि वाती सगळ्या सारख्या लांबीच्या.

मी पाट घेऊन बसलो. खूप वेळ मनात घोळत होते. शब्द दिला होता तो माणूस आता नव्हता, आणि खरे सांगायचे तर आमच्यासारख्या बोलघेवड्याला एवढी वर्षे एक गोष्ट पोटात ठेवणे म्हणजे शेरभर खडे गिळण्यासारखेच.

“काकी,” मी म्हणालो, “एक खोटं तुमच्याशी बोललोय. तो उंदीर नव्हता. सुतारही नव्हता. आकडे काकांनीच हलवले होते, तुम्ही करजणला गेलात त्या दिवशी, टेबलावर चढून. तुमच्या मांडीवर उजेड यावा म्हणून.”

काकींनी हातातली वात पुरी केली, ताटलीत ठेवली आणि पुढचा कापूस घेतला.

“करजणहून आले तेव्हा हे झोपाळ्यावर झोपले होते,” त्या म्हणाल्या. “मिशांत लाकडाचा भुसा होता. मीच झटकला.”